२,००० लिटर पाणी आणि ४२ पौंड हवा : एका पिकअपच्या फुटलेल्या टायरचा अभ्यास

गेल्या एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला, जालना–वडीगोद्री रस्त्यावर अंबडच्या पुढे माझ्या भाच्याच्या पिकअपचं मागचं डावं टायर फुटलं. हौद्यात २,००० लिटरची काळी प्लास्टिकची टाकी होती, गळ्यापर्यंत भरलेली. हे पाणी मोसंबीची बाग जगवायला विकत घेतलेलं होतं. वेग चाळीसच्या आतबाहेर होता. गाडी डावीकडे ओढली गेली, पण पोराने घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टेअरिंग घट्ट धरून गाडी आपोआप मंदावू दिली आणि साइडपट्टीवर घेतली. त्याला शाबासकी मी तेव्हाच दिली, इथेही देतो. भरल्या टाकीनिशी फुटल्या टायरवर ब्रेक मारला असता, तर हे प्रकरण मला वेगळ्या शब्दांत लिहावं लागलं असतं.

पुढची अडचण जॅकची. गाडी उचलेना. पाणी सोडल्याशिवाय चाक निघणार नव्हतं, आणि एप्रिलात २,००० लिटर पाणी रस्त्याकडेला ओतायला त्याचा हात धजेना. शेजारी सात-आठ घरांची वस्ती होती. त्याने तिकडे निरोप दिला. बाया हंडे-कळश्या घेऊन आल्या, पोरं तेलाचे रिकामे डबे घेऊन आली, एका म्हातारीने घंगाळ आणलं. टाकीच्या नळाला रांग लागली आणि तास-सव्वा तासात टाकी रिकामी झाली. बागेचं पाणी माणसांच्या रांजणात गेलं, वाया गेलं नाही. मग स्टेपनी चढवली, तर ती बसकी. मोजली तेव्हा तिच्यात २४ पौंड हवा निघाली. (पौंड हे इथे हवेच्या दाबाचं माप, वजनाचं नव्हे.) रिकाम्या गाडीनिशी, दर पाच किलोमीटरला थांबत, तो संध्याकाळी माझ्या दुकानात आला.

माझं जालन्यात टायरचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. गाडी माझ्या दाजींची, चालवतो भाचा. घरचीच गाडी असल्यामुळे मला ती उघडून, मोजून, काट्यावर चढवून बघता आली. गिऱ्हाइकाच्या गाडीबाबत एवढी सवड मिळत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या मालवाहू पिकअपांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते.

टायर उघडल्यावर काय दिसलं

त्या संध्याकाळी दुकानात तीन माणसांनी मला एकच कारण सांगितलं : ऊन लई होतं, टायर तापलं, आतली हवा फुगली आणि फुटलं. भाचाही तेच म्हणाला. "मामा, म्हणून तर मी हवा कमी करून घेतली होती, तरी फुटलंच की."

हे वाक्य ऐकलं आणि माझे हात थांबले. पण आधी टायर बघायचं ठरवलं.

ताडपत्री अंथरून टायर त्यावर उताणं टाकलं आणि आत हात फिरवला. ओंजळभर काळा भुगा निघाला, गिरणीतल्या पिठासारखा मऊ. हा भुगा म्हणजे टायरचंच आतलं रबर. टायर आतल्या आत घासून घासून दळलं जातं तेव्हा तो पडतो. बाजूच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, खांद्याखाली, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते त्या कडेखाली, चार बोटांवर, एक कडं उमटलं होतं. जिथे टायर फाटलं नव्हतं तिथेही ते पूर्ण गोल फिरलेलं होतं. त्या पट्ट्यात रबराला सुरकुत्या होत्या आणि निळसर झाक आली होती. ही झाक उष्णतेची. फाटलेल्या कडेतून दोऱ्याची टोकं बाहेर आली होती, उमललेल्या बोंडातून कापूस निघावा तशी पिंजलेली. धारदार दगडाने किंवा पत्र्याने कापलं असतं तर दोरे एका रेषेत तुटले असते. खिळा नव्हता, तार नव्हती. व्हॉल्वची टोपी मात्र गायब होती.

नक्षीची खोली मोजली. मधोमध ६ मिलिमीटर, दोन्ही खांद्यांना साडेतीन. दोन्ही कडा झिजल्या आणि मधलं बटन शाबूत राहिलं, तर ते टायर कमी हवेवर चाललेलं असतं. उलट मध्य झिजून कडा राहिल्या, तर हवा जास्त होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते, बघायचं. भिंतीवरचा शेवटचा चार आकडी शिक्का ३१२२ होता, म्हणजे २०२२ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेलं टायर. म्हातारपणाचं कारण काढायला जागा नव्हती.

म्हणजे हे टायर त्या दुपारी अचानक फुटलेलं नव्हतं. ते कित्येक दिवस आतून मरत होतं.

४२ आली कुठून

मागचं उजवं टायर अजून जिवंत होतं. गाडी रात्रभर दुकानासमोर सावलीत ठेवली आणि सकाळी साडेसहाला, कुणी हलवायच्या आत, दोन वेगवेगळ्या गेजांनी हवा मोजली. दोन्हींवर ४२ निघाली. दुकानात आम्ही पौंड म्हणतो, कागदावर त्याला पीएसआय म्हणतात. या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी आहे. तिच्यावर पुढे ३८, मागे रिकामी असताना ३८ आणि भरलेली असताना ५८ असं छापलंय. टायर मूळ मापाचेच होते, म्हणून ती पट्टी लागू होती. माप बदललेलं असेल तर पट्टीवर विसंबता येत नाही.

भाच्याला शेजारी बसवून दहा दिवसांचा हिशोब काढला. महिन्याच्या सुरुवातीला त्याने मागे ६० भरून घेतली होती. मग एका दुपारी दोन खेपा करून तो पंपावर गेला, तिथे मोजली तर ६८ निघाली. पंपावरचा पोरगा म्हणाला, "उन्हाळ्यात इतकी ठेवू नका, फुटंल," आणि त्याने ५० वर आणून ठेवली. भाच्याला बरं वाटलं. टायर दिसायलाही जरा बसलं, झटके कमी बसू लागले.

इथे जे घडलं ते आकड्यांत बघितलं पाहिजे, कारण सगळी चूक इथेच आहे. बंद टायरातली हवा तापली की तिचा दाब वाढतो. ६० च्या आसपास हवा असलेल्या टायरात दर १० अंशाला साधारण अडीच पौंड वाढतात. सकाळी २७ अंशाला ६० भरलेलं टायर दिवसभर ओझं घेऊन पळालं आणि आतली हवा ६० अंशापर्यंत गेली, तर गेज ६८ दाखवणारच. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेली असते. पट्टीवरचा आकडा थंड टायराचा आहे आणि गरम झाल्यावर तो आठ-दहा पौंडांनी वर जाणार हे गृहीत धरूनच तो छापलेला आहे. ६८ हा आजार नव्हता.

आता उलट बाजू बघा. ६० अंशाच्या टायरातून हवा सोडून ती ५० वर आणली. गाडी रात्री उभी राहिली, टायर पुन्हा २७ अंशावर आलं. हवा आकसली आणि ५० ची ४३-४४ झाली. मधल्या दिवसांत थोडी झिरपली असेल ती वेगळी. माझ्या गेजवर आलेली ४२ हीच. म्हणजे पोराने आपल्या समजुतीप्रमाणे ६० ची ५० केली, प्रत्यक्षात ६० ची ४२ झाली. आणि तिच्यावर पुढचे दहा दिवस रोज चार खेपा.

कमी हवेचं टायर का तापतं, हे गिऱ्हाइकाला समजावायला मी दुकानात एक लोखंडी तार ठेवलेली आहे. ती एकाच जागी वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे वाकवायला देतो आणि मग तिथे बोट लावायला सांगतो. चटका बसतो. टायरची भिंतही तशीच वाकते. जमिनीला टेकताना दबते, वर गेली की सरळ होते. या मापाचं टायर एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास वेढे घेतं. चाळीसच्या वेगाला सेकंदाला पाच वेळा दबणं आणि पाच वेळा सरळ होणं. हवा पुरेशी असेल तर भिंत थोडीच वाकते. हवा कमी असेल तर जास्त वाकते, जास्त तापते, तापलेलं रबर मऊ पडतं, दोऱ्यावरची त्याची पकड सुटते, दोरे एकमेकांवर घासतात आणि तो काळा भुगा पडायला लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा सोडायची, ही आपल्याकडची सर्वांत घातक समजूत आहे असं माझं ठाम मत आहे. डांबरी रस्ता एप्रिलच्या दुपारी पायाला चटके देतो हे खरं, पण टायरला मारणारी उष्णता बाहेरून कमी आणि आतून जास्त येते. ती आतली उष्णता हवा कमी करून आपण स्वतः वाढवतो.

नायट्रोजनबद्दलही इथेच सांगतो, कारण दाजींनी विचारलं होतं. नायट्रोजन चांगला आहे, कोरडा असतो, जरा सावकाश झिरपतो. पण तापल्यावर तो साध्या हवेइतकाच फुगतो. नायट्रोजन भरला म्हणून सकाळी मोजायचं सोडलं, तर उपयोग शून्य.

काट्यावर

इथवर प्रकरण हवेचं होतं. पण ४२ पौंडांवर सगळं ढकलून मोकळं होणं मला बरोबर वाटेना, कारण दोऱ्यांची ती अवस्था मी साध्या कमी हवेच्या टायरात फारशी बघितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन्ही मागचे टायर नवे टाकले, टाकी भरून आणायला सांगितली आणि गाडी मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर नेली.

काट्यावर बहुतेक जण पूर्ण गाडी चढवतात, पावती घेतात आणि उतरतात. त्याने टायरचं काहीच कळत नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं. मग पूर्ण गाडी. मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची. काटेवाल्याला आधी सांगितलं तर तो अडवत नाही. तिन्ही आकडे असे निघाले : पुढे १,१७० किलो, पूर्ण ३,८५०, मागे २,६८०. पाणी उपसून, टाकी-पंप-पाइप आणि ड्रायव्हर तसेच ठेवून पुन्हा घेतलं : पुढे ९८०, मागे ८७०, एकूण १,८५०.

पाण्याचा हिशोब सोपा असतो, लिटरला किलो. २,००० लिटर म्हणजे २,००० किलो. त्यातले १९० किलो पुढच्या चाकांवर आले आणि तब्बल १,८१० मागच्या. टाकी हौद्यात मागे, फाळक्याजवळ बसवलेली होती, कारण नळ तिथून सोडायला सोपा.

मागच्या २,६८० ला दोन टायर. एकेकावर १,३४० किलो. आता टायरच्या भिंतीवर वाचा. मापाच्या पुढे ११०/१०८ असं छापलंय. हा भाराचा अंक. ११० म्हणजे १,०६० किलो, चाक एकेरी असेल तेव्हा. १०८ म्हणजे १,००० किलो, जोडचाक असेल तेव्हा. आपल्या पिकअपला मागे एकेरी चाक, म्हणून १,०६०. तेही केव्हा, तर थंड टायरात ६५ पौंड असताना. हे ६५ त्याच भिंतीवर बारीक अक्षरांत आहे, कमाल भाराच्या ओळीत. हवा कमी केली की भार पेलायची ताकदही उतरते. ४२ पौंडांवर हे टायर ढोबळमानाने ७५० किलोंच्या आसपास पेलू शकतं.

त्याच्यावर रोज चार वेळा १,३४० किलो बसत होते.

हे आकडे मी कागदावर मांडून दाजींसमोर ठेवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. डावंच टायर आधी का गेलं, एवढं त्यांनी विचारलं. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. डावीकडून चालणारी गाडी किंचित डावीकडे कलते आणि तिकडच्या टायरवर थोडं जास्त वजन येतं. उजवंही गेलंच असतं. ते उघडून बघितलं, आत मुठीएवढा भुगा होता.

दाजींचं म्हणणं

दाजींचा पहिला उपाय मला माहीतच होता. "मग हवा वाढवा की. पंच्याहत्तर-ऐंशी मारा. बाकीचे तेच करतात."

बाकीचे करतात हे खरं आहे. पण भिंतीवरचा ६५ हा आकडा ओलांडला म्हणून टायरची भार पेलायची ताकद १,०६० च्या पुढे जात नाही. टायर कडक होतं, ताणलेलं राहतं. खड्ड्याच्या धारेवर आपटलं की दबून धक्का घ्यायला त्याच्यात जागा नसते, दोरे तुटतात. रिमवरही तो ताण येतो. रिकामी परतताना तर अशी गाडी उडत चालते. दुसरा उपाय पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवण्याचा. आपल्याकडे पिकअप घेतली की महिन्याभरात कमानीत एक-दोन पाटे घालून घ्यायची रीतच पडलीय. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. ओझं दिसायचं थांबतं. टायर, एक्सल, बेअरिंग, ब्रेक आहेत तेवढेच राहतात. मला तर वाटतं, गाडी बसलेली दिसणं हीच शेवटची ताकीद असते आणि पाटे घालून आपण ती पुसून टाकतो.

मग ते मुद्द्यावर आले. "हे बघा, शेतकरी टाकीचे पैसे देतो, लिटरचे देत नाही. दोन हजाराची टाकी म्हणून ठरलेलं आहे. तेराशे लिटर घेऊन गेलो तर तो दुसऱ्याला फोन करील. डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तेवढाच. मी खाऊ काय?"

या प्रश्नाला टायरच्या दुकानात उत्तर नाही हे मला कबूल आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात इकडच्या बागा टँकरच्या पाण्यावर तगवताना मी लोकांना बघितलंय. घरातली बाई हंड्याला महाग आणि बागेला टाकी, अशी घरं होती. पंधरा वर्षांचं झाड डोळ्यांदेखत वाळताना शेतकरी लिटर मोजत बसत नाही. पाणी पोचवणाऱ्याचाही हात त्यात आखडत नाही. त्यामुळे दाजींना मी लोभी म्हटलं नाही, म्हणणारही नाही.

पण हिशोब मांडायला लावला. आरसी बुकात या गाडीचं एकूण वजन ३,१५० किलो पास आहे. टाकी, पंप, ड्रायव्हर धरून रिकामी १,८५०. उरले १,३००. वर जे ७०० किलो जात होते, त्यापायी दोन टायर अर्ध्या आयुष्यात गेले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. एकदा पकडली की कितीतरी खेपांची कमाई तिथेच संपते. शिवाय अपघात झाला आणि वजन जास्त निघालं, तर विम्याच्या दाव्यालाही फाटे फुटतात. हे सगळं ऐकून ते "बघू" म्हणाले. घरी बहिणीने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वतः आले आणि म्हणाले, "पोरगं एकच आहे. काय करायचं ते सांगा."

काय ठरवलं आणि का

२,००० च्या टाकीतच १,३०० लिटर न्यायचे, हा सोपा मार्ग मी नाकारला. उभी टाकी अर्धवट भरली की वळणावर पाणी एका भिंतीवर चढतं आणि गाडीला त्या बाजूला ढकलतं. ब्रेक मारला की सगळं पुढे येतं. पूर्ण भरलेली छोटी टाकी बरी. म्हणून १,००० लिटरची टाकी घेतली, केबिनला टेकून पुढे बसवली, आणि तिच्या शेजारी २०० लिटरचा झाकणबंद ड्रम पट्ट्याने आवळला. नळासाठी मागेपर्यंत पाइप ओढला. जुनी टाकी दाजींच्या शेतात ठिबकच्या खताला लागली.

पुन्हा काट्यावर. पुढे १,१९०, मागे १,८५०, एकूण ३,०४०. पासिंगच्या आत. मागच्या एकेका टायरवर ९२५ किलो. पुढे सरकवलेल्या टाकीने किती काम केलं बघा, १,२०० किलोंपैकी दोनशेहून जास्त किलो पुढच्या चाकांनी उचलले. स्टेअरिंगही आता हलकं-हलकं लागत नाही, असं भाचा म्हणाला.

९२५ किलोंना या टायरला साधारण ५५ पौंड पुरतात. पट्टी ५८ सांगते. मी ५८ धरली. पट्टीपेक्षा कमी करायचं मला काही कारण दिसलं नाही, आणि महिन्यात पौंड-दोन पौंड झिरपतातच. पुढे ३८, पट्टीप्रमाणे.

खरी अडचण परतीच्या खेपेची आहे, आणि गिऱ्हाइकं मला सर्वांत जास्त हाच प्रश्न विचारतात. जाताना मागच्या टायरवर ९२५ किलो, येताना टाकी रिकामी, ४३० किलो. रिकाम्या गाडीला ५८ फार होते. टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतं, गाडी आदळते, खडीवर आणि पहिल्या पावसात ब्रेक मारला की मागची चाकं सरकतात. पण दर खेपेला सोडणं-भरणं कुणी करत नाही, आणि गरम टायरातून सोडलेल्या हवेचं काय होतं ते वर आलंच. तेव्हा नियम असा ठरवला : ज्या दिवशी एक जरी भरलेली खेप आहे त्या दिवशी सकाळपासून ५८. रिकामी येताना वेग कमी ठेवायचा आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. मध्य थोडा लवकर झिजला तर झिजू दे, ते नुकसान डोळ्यांना दिसतं आणि हळू होतं. लग्नसराईत गाडी चार-चार दिवस रिकामी किंवा किरकोळ सामानावर फिरणार असेल, तर पहिल्या सकाळी ४० वर आणायची. आणि पुन्हा पाणी भरायच्या आधी, पाणी भरल्यावर नव्हे, ५८ करायची.

शेतातल्या वाटेसाठी वेगळं सांगावं लागलं. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली की पोरं हवा सोडतात, टायर पसरतं, पकड येते, गाडी निघते. युक्ती चांगली आहे, मीही केली आहे. पण तशाच टायरवर डांबरीला लागून गावापर्यंत येणं म्हणजे टायर दळायला टाकणं. गाडीत पायपंप किंवा छोटा कंप्रेसर असेल तरच हवा सोडायची.

भाच्याला एक हातातलं गेज दिलं. पंपावरच्या यंत्रांवर माझा राग नाही, पण मी स्वतः तपासलेल्या एका कंप्रेसरचं गेज चार पौंड जास्त दाखवत होतं, आणि तिथे रोज कितीतरी गाड्या हवा भरतात. आपलं गेज असलं की निदान रोज एकाच मापाने मोजलं जातं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, गाडी हलायच्या आत, पाचही टायर. दुपारी मोजायचंच नाही. आणि मोजलं तर आठ-दहा जास्त निघाल्यावर हात खिशात ठेवायचे. दुपारी एका टायरात बाकीच्यांपेक्षा जास्त वाढ दिसली, तर मात्र त्या टायरकडे बघायचं, कारण ते काहीतरी सोसत असतं.

त्यानंतर

मे महिन्याच्या मध्यावर, पारा ४२ च्या पुढे असताना, मी एकदा त्याच्याबरोबर खेपेवर गेलो. वडीगोद्रीच्या अलीकडे गाडी थांबवून मागच्या टायरच्या भिंतीवर तळहात ठेवला. गरम होतं, पण हात ठेवून मनात वीसपर्यंत मोजता आलं. भाचा म्हणाला, आधी हात लावला की लगेच मागे घ्यावा लागायचा, त्याला वाटायचं उन्हानेच होतं. गेज लावलं, ६७. त्याने माझ्याकडे बघितलं आणि टोपी पुन्हा बसवून टाकली. काही बोलला नाही.

खेपा वाढल्या. चारच्या सहा झाल्या, डिझेल वाढलं, दाजींना दर ठरवताना लिटरवर बोलावं लागलं. दोन शेतकरी सुटले, त्यांना मोठी टाकी हवी होती. एकाने उलट विचारलं की खरे किती लिटर येतात, आणि १,२०० लिखित मिळतात म्हणून टिकला. पैशांत दाजींचा उन्हाळा आधीपेक्षा थोडा कमीच गेला. ते मला दोनदा बोलून दाखवलं, आणि मी ऐकून घेतलं.

ऑगस्टमध्ये आंबिया बहराची मोसंबी सुरू झाली तेव्हा टाकी उतरवून क्रेट चढले. क्रेटचा हिशोब आम्ही पुन्हा काट्यावर घातला. टाकी गेल्यामुळे रिकामं वजन उतरलं होतं, त्यामुळे भरलेल्या २२ किलोंच्या क्रेटचे ६० नग सहज बसत होते, पण मागच्या फाळक्याकडून भरायला सुरुवात करायची नाही, केबिनकडून करायची. नक्षी मोजली : मागे मध्य आणि खांदे यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक, मध्याकडे जास्त झीज. रिकाम्या परतीची ती किंमत.

स्टेपनीतली हवा आता ६० ठेवलेली आहे. पुढे लावावी लागली तर सोडून ३८ करता येते. रस्त्यावर २४ ची ५८ करता येत नाही. पुढचं उजवं टायर बाहेरच्या कडेने झिजतंय, त्याचं अलाइनमेंट दिवाळीआधी करायचं आहे. भाच्याने केबिनमध्ये काचेच्या वर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय : पुढे ३८, मागे ५८, सकाळी.